आज मुक्काम कुठं?

हॅलो?

हॅलो… दादा? आवाज यायलाय का माझा?

हां, बोल… न्हाई रं, झोपले नव्हते. सात वाजलेत हितं. पाचपसनं फोन हातात धरून बसलेय. तिकडं आबाचा दहावा आन मी हितं झोपीन व्हय?

व्हिडिओ नको. नको म्हनते ना. वड्यावर रेंज न्हाई ऱ्हात, मग नुसतं तोंड हलतं तुझं. साधं बोल.

झालं का समदं? … डोस्कं भादरलं तुझं? … पिंड ठिवले? … कवा?

दीड घंटा झाला?

आन कावळा?

…

शिवला न्हाई?

आरं पन हायती का कावळे तिथं? … लिंबावर सात-आठ बसलेत? … खाली येतेत, पिंडाजवळ फिरतेत आन परत जातेत… दादा, तुमी लांब सरका की जरा. पन्नास मानसं घोळका करून हुबी ऱ्हायल्यावर त्यो येनार कसा? … सरकलात? … देवळापस्तोर? बरं.

एक मिनिट हं. म्हाळू उठला. … म्हाळू, टोपी नको हुडकू बाळा. राहू दे. आबा न्हाईत फोनवर, मामा हाय. … काय न्हाई रं दादा, फोन वाजला की टोपी आनाया पळतो. सवय लागलीय त्याला. सांगते नंतर.

तू काय काय बोललास पिंडापुढं? … मायला संभाळतो म्हनलास. … मेंढरं इकनार न्हाई म्हनलास. … वैनी बी बोलली? आबाच्या कुत्र्याला टायमावर भाकर टाकीन म्हनली? … बरं केलं. त्या कुत्र्यात लई जीव होता त्यांचा. … भावकीतल्या हरिबातात्यांनी बी हात जोडले? … तरी न्हाई?

मग? … नवसाचं बोललास.

काय बोललास नेमकं?

"म्हाळूचं जावळ बिरोबाच्या दारात, माझ्या मांडीवर बसवून काढीन, एडका कापीन, समद्या गावाला जेवू घालीन"… आसं म्हनलास.

आन?

जवळ आल्याला कावळा पार वड्यापल्याड उडून गेला?

…

हाय. हाय मी. कट न्हाई झाला. ऐकायलेय.

मला काय सांगतोस दादा नवस काय हुता. आठ वर्सं माझी कूस उजवली न्हाई. सासरची मानसं तोंड फिरवून बसायली. तवा आबा अनवानी गेलते माळावरच्या बिरोबाला, चैताच्या उनात. पोरीला लेकरू दे, त्याच्या पयल्या केसाला तुझ्या दारातच वस्तरा लागंल, तवर लागू देनार न्हाई… मला म्हाईत न्हाई व्हय हे? माझ्यासाठीच गेलते ना ते.

काय? … मी बोलू? … फोन पिंडापशी ठिवतूस? … हरिबातात्या म्हनतेत लेकीत जीव आडकलाय?

समद्या गावासमोर, स्पीकरवर?

थांब. थांब थांब थांब. दादा, ऐक माझं. आत्ता स्पीकर चालू हाय का? … न्हाई ना? नक्की? … कानाला लाव घट्ट. आन एकटा जरा बाजूला ये. … आलास?

दादा, त्यो नवस आता फिटायचा न्हाई.

आरं, जावळच न्हाई म्हाळूला. … न्हाई म्हंजे न्हाई. काढलं. … हितंच. जहाजावर. … दोन म्हैने झाले.

वरडू नको. … मानसं बघतेत तिकडं, वरडू नको. … अगुदर ऐकून तर घे! मंग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

फिरायला येनाऱ्या लोकांचं जहाज हाय ह्ये, ल्हान लेकरांची खेळायची खोली हाय वर नवव्या मजल्याला. आमी ऱ्हातो खाली. खिडकी न्हाई आमच्या खोलीला, दिवस हाय का रात हाय ते घड्याळात बघावं लागतं. म्हाळूचे पप्पा इंजनाकडं जातेत डब्बल शिफ्टला, मी आन ह्यो दोघंच. किती वेळ कोंडून ठिवू लेकराला? म्हनून न्यायची वर. तिथं कुन्या गोऱ्या पोरीनं ह्याच्या केसात च्युइंगम चिटकवलं. मला कळलंच न्हाई. रातभर त्याच्यावरच झोपला. सकाळी बघते तर समदे केस गोळा हून पार चामडीला धरलेले.

केलं रं, समदं केलं. तेल लावलं, बर्फ लावला. नाश्त्याच्या टेबलावरनं लोनी चोरून आनलं, ते लावलं. निघंना. पोरगं किंचाळायलं. मंग नेलं केस कापायच्या दुकानात. हाय की हितं, समदंच हाय. ती बाई फिलिपिन्सची. मी तिला बोटानं दावलं, एवढंच, एवढंच काप. माझं इंग्रजी तुला म्हाईतच हाय. ती हसली, ओके ओके म्हनली आन मशीनच फिरवली मधोमध.

हां, मधोमध. आर्ध्या डोक्यावर केस, आर्ध्यावर न्हाई. मंग काय करनार दादा? ऱ्हायलेले बी काढावेच लागले.

रडले न्हाई का? मी खुर्चीपाशी खालीच बसले. माझं बघून ती बाई बी रडायली. तिला वाटलं, कटिंग पसंत न्हाई पडली.

हसू नको. … न्हाई, हस. तू बी दहा दिवसांत हसला नसशील.

केस? हायती. एक बी टाकला न्हाई. पांढऱ्या फडक्यात बांधून माझ्या डागिन्याच्या डबीत ठिवलेत. रोज उघडून बघते.

कावून न्हाई सांगितलं? कुन्या तोंडानं सांगू रं? आबाचा रोज फोन. तुझ्या जुन्या मोबाइलवर, व्हिडिओ लावून, बरुबर माझ्या सकाळी सातला. पयलं वाक्य ठरल्यालं, "ऋतू, आज मुक्काम कुठं?" जहाज म्हंजे त्यांना आपला मेंढरांचा वाडाच वाटायचा. आज ह्या रानात, उद्या त्या रानात. मी बंदराचं नाव सांगायची. त्यांना काय उमगायचं न्हाई, पन दोन-तीनदा म्हनून बघायचे. मंग, "पानी हाय का तिथं? मानसं बरी हायती का? राखनीला कुत्री ठिवतेत का जहाजावर?" … हां, मला बी इचारलं कुत्र्याचं. मी म्हनलं, आबा, समुद्रात लांडगा कुठनं येनार? तर म्हनले, तरी आपलं एक आसावं.

आन ज्या दिवशी गाव नसायचं, चोहीकडं नुसतं पानी, त्या दिवशी म्हनायचे, "म्हंजे आज रानातच मुक्काम." लई काळजी करायचे त्या दिवशी. "लेकराला धरून ऱ्हा" म्हनायचे, चारदा.

आन शेवटाला, "जावळ दाव की म्हाळूचं, किती वाढलं बघू." रोज! त्या मानसाला मी काय सांगू? मी म्हाळूला टोपी घालायची. फोन वाजला की टोपी. हितं एसीत गार लागतं आबा, सर्दी हुती आबा, झोपेतनं उठलाय आबा… दोन म्हैने टोपीच घातली. आता लेकराला वाटतं, टोपी घातल्याबगर आबाशी बोलताच येत न्हाई.

तेच तर. तेच तर खातंय मला. त्या दिवशी बी सातला फोन आला. म्हाळू रडायला, मी कपडे धुवायच्या खोलीत लायनीत हुबी. आबा म्हनले, "ऋतू, तू त्याची टोपी काढ, मी माझा पटका काढतो. बघू कोन आदी काढतंय." चेष्टा करायले. आन मी… मी चिडले रं त्यांच्यावर. म्हनलं, आबा, रोज रोज तेच काय लावलंय? मला कामं न्हाईत का? आन कट केला.

मुक्काम बी सांगितला न्हाई त्या दिवशी.

आन दुपारी तुझा फोन. केजकडच्या रानात, मेंढरातच पडले म्हनून.

माझ्यामुळं झालं दादा. … न्हाई, मला बोलू दे. नवस मोडला, आन तुझा फोन आला त्याच राती म्हाळूला ताप भरला, आंगावर पुरळ उठलं. त्या तापापायीच डॉक्टरनं आमाला खोलीतनं बी बाहीर पडू दिलं न्हाई. बंदर आलं, दाराम्होरं आलं, आन मला उतरता आलं न्हाई. न्हाईतर तिसऱ्याच्या आत पोचले नसते का मी? बापाच्या राखेला हात लावाया बी मिळाला न्हाई. हे समदं त्याच्यामुळंच हाय. आन आता त्यो कावळा शिवंना. त्यो बी त्याच्यामुळंच. तू जे केस द्यायचे म्हनतूस, ते हायतीच कुठं?

आता तूच सांग. पन्नास मानसांपुढं हे सांगू मी?

… दादा? … कोन हाय जवळ? … माय?

न्हाई, मायला नको दिऊ. दादा, मायला दिऊ नको फोन, तिला हे आत्ता…

माय.

…

किती ऐकलंस?

समदं.

माय, रागावू नको गं. आज नको. … मी मुद्दाम न्हाई केलं, तुझी आन, ती बाई… काय?

काय म्हनलीस?

आबाला म्हाईत हुतं?

कवापसनं? … म्हंजे पयल्याच हप्त्यात? … टोपी पडली? कवा पडली? मला कसं न्हाई कळलं? … मी च्या ओताया वळले तवा? आन आबांनी बघितलं? … तू बी हुतीस शेजारी? तू बी बघितलंस?

मग बोलला का न्हाईत गं दोघं? दोन म्हैने, माय!

… हां… हां… काय म्हनले? पुन्हा सांग. … "पोरीला काय म्हनू नको. तिनं टोपी घातलीय ती माझ्यासाठी घातलीय."

आसं म्हनले?

आगं रडू नको… बरं, रड. मी बी रडायलेय.

आन मंग? … दुसऱ्या दिवशी एकलेच गेले बिरोबाला? … चालत? त्या गुडघ्यानं? … आन? …

सोताचं डोस्कं भादरून आले?

आबा? … समदे केस? … "देवा, लेकराच्या जागी माझं घे, लेकीवर राग धरू नको"… माय, ह्या वयात?

थांब. थांब माय. मंग त्यो पटका… आगं, घरात बसले तरी पटका! झोपून बोलायचे तरी पटका! मी चेष्टा करायची, आबा, उन्हाळा हाय, काढा की, डोस्कं शिजंल. तर म्हनायचे, "वारं लागतं." वारं! … म्हंजे ते त्यासाठी? मला दिसू नये म्हनून?

आयाया… मी हितं लेकराचं डोस्कं झाकायले, ते तिकडं सोताचं झाकायले. आन दोघं बी एकमेकाला रोज, सर्दी हुती, वारं लागतं.

आन शेवटच्या दिवशी… "तू टोपी काढ, मी पटका काढतो."

ते चेष्टा नव्हते करायले माय. ते मला सांगायले हुते. सांग पोरी, मला म्हाईत हाय, सांगून मोकळी हो. आन मी कट केला.

…

हाय. हाय गं. फोन हाय.

तू दहा दिवस कावून बोलली न्हाईस पन? … शपथ घातलती? … "ती सोताहून सांगंल तवाच तिला सांगायचं, तवर न्हाई." आसली कसली शपथ? … तू बी आशीच. एक शब्द पाळाया दीड घंटा उनात हुबी ऱ्हायलीस.

आन एडका? … एडक्याचं काय म्हनले हुते? … कापायचा न्हाई? म्हाळू आला की त्याला वर बसवून फिरवायचा?

दादाला सांग ते. आदी सांग! त्यो तिथं पिंडापुढं, एडका कापतो, एडका कापतो म्हनतोय… जाईल न्हाई तर काय कावळा!

… हां, हस. मी बी हसले बघ. काय मानूस हुता गं.

बरं, माय, ऐक. फोन दे दादाकडं. … न्हाई, मी बोलते. समद्यांपुढं बोलते. आता काय ऱ्हायलंय झाकाया?

दादा? … स्पीकर लाव. … ऐकू दे गावाला. … पिंडाशेजारी ठिव. पालथा नको ठिवू, आवाज बसतो. आन तू बी माघारी जा समद्यात. … ठिवलास?

…

आबा…

आबा, मी ऋतू.

आबा, म्हाळूचं जावळ मी काढलं. जहाजावर काढलं. तुमाला सांगायचं धाडस झालं न्हाई. खोटं बोलले. सर्दी न्हाई न् काय न्हाई… टोपी घालून दोन म्हैने तुमाला फसवलं. मला वाटलं, फसवलं.

त्या दिवशी तुमी बोलायले आन मी फोन कट केला. चुकलं आबा. लई चुकलं. पुन्हा लावनार हुते मी, कपडे वाळत घातले की लावते म्हनलं… तवर तुमी…

एडका न्हाई कापनार आबा. दादाला मी सांगते, त्याची काय बिशाद हाय. म्हाळू बसंल त्याच्यावर. दिवाळीला येतो आमी. केसाचं फडकं संगं आनते, तुमच्या बिरोबाच्या दारात सोताच्या हातानं ठिवते. आन देवाला सांगते, आमच्या आबांनी अगुदर भरलंय समदं.

म्हाळू… हिकडं ये बाळा. ये. … आबा हाय फोनवर. … हां, आज हाय. … न्हाई, टोपी काढ. … काढ, काय न्हाई हुत. आबाला दाव. … आशी.

काढली बघा आबा. मीच आदी काढली.

केस आलेत आता बोटभर. तुमच्यावानी मधी भवरा हाय.

… बोल बाळा, काय बोलायचं ते बोल. … "आबा, पटका काढा" म्हनतोय, ऐकलं का?

…

आबा, आज मुक्काम…

आज गाव न्हाई आबा. आज नुसतं पानी. रानातच मुक्काम हाय. उद्या सकाळी गाव लागंल. मानसं बरी हायती हितली. पानी हाय. कुत्रं न्हाई, पन राखन हाय. म्हाळूचा ताप उतरलाय. काल वरन-भात खाल्ला, दही खाल्लं. मी लेकराला धरून हाय. चारदा नका सांगू. धरून हाय मी.

तुमी जावा आबा आता. आमची काळजी करू नका.

…

…

हॅलो? … दादा, काय गलका हाय? … कोन वरडायलंय? … दादा, फोन उचल! … आरं, काय झालं, कुनी तरी सांगा की मला!

हां. हां बोल. … काय?

शिवला?

खरंच? … कुठला? … त्यो वड्यापल्याड गेल्यालाच आला? … फोनवर बसला आदी? फोनवर? … मंग घास उचलला?

…

दादा… रडू नको रं. हरिबातात्यांना सांग, हात जोडले मी. समद्यांना सांग.

न्हाई, मी बरी हाय. खरंच बरी हाय. … म्हाळू टोपी फेकून नाचायलाय पलंगावर.

माय हाय का जवळ? दे एक मिनिट.

माय… बघितलंस तू? … हां… तुझ्या हातचाच घास उचलला ना… हां. … बरं, आंगुळीला चालले का समदे? … तू बी जा. उनात नको बसू आता. काय तरी खा आदी. … मी? मी जेवते. … हो, हो, म्हाळूला बी देते. … हो गं, धरून हाय त्याला.

माय, ऐक ना… ठिवू नको. एकच.

उद्या गाव लागतंय आमाला. सकाळी, सातच्या सुमाराला.

मी नाव बी इचारून ठिवलंय. लई सोपं नाव हाय, आबाला म्हनता आलं आसतं…

माय, उद्या सातला मला कोन गं इचारंल, आज मुक्काम कुठं म्हनून?

… माय?

हॅलो? … हॅलो?